चिल्लर बंद करायची, तर वरचा रुपया कोणाचा?

पौर्णिमेला आमच्या नालासोपारा पूर्वेच्या वस्तीतल्या विहाराची दानपेटी उघडली. वंदना आटोपल्यावर सतरंजीवर पैसे ओतले आणि महिला मंडळाच्या पाच जणी मोजायला बसल्या. नोटा दहा मिनिटांत मोजून झाल्या. नाण्यांना तासाभराहून जास्त वेळ लागला. एक आणि दोन रुपयांची मिळून १,८४६ रुपयांची नाणी भरली. शिवाय पन्नास पैशांची अकरा नाणी निघाली.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खजिनदार ताई पिशवी घेऊन बँकेत गेल्या. "एवढी चिल्लर घेत नाही, मोजायला माणूस नाही," असे सांगून त्यांना खिडकीवरूनच परत पाठवले. त्या किराणा दुकानदाराकडे गेल्या, तर त्याने गल्ल्याखालचा भरलेला डबाच उघडून दाखवला. "ताई, माझीच कुणी घेत नाही, तुमची कुठं ठेवू?" शेवटी बाजारातला एक जण तयार झाला, पण शंभराच्या नाण्यांना नव्वद रुपये देईन म्हणाला. मंडळाने नको म्हटले. पिशवी अजून विहाराच्या कपाटात आहे.

त्या पिशवीत एकही नाणे खोटे नाही. प्रत्येकावर अशोकस्तंभाची सिंहमुद्रा आहे. त्यात धुणीभांडी करणाऱ्या ताईंचा रुपया आहे, मजूर नाक्यावर उभ्या राहणाऱ्या दादांचे दोन रुपये आहेत. तरी तो पैसा पैशासारखा चालत नाही.

छोटी नाणी ठेवायची की बंद करायची, हा प्रश्न अधूनमधून बातम्यांत येतो. तेव्हा चर्चा होते ती टाकसाळीच्या खर्चाची. वस्तीतून पाहिले तर प्रश्न वेगळा दिसतो. सुट्टे नाहीत म्हणून हिशेब वर ढकलला जातो तेव्हा तो वरचा रुपया कोणाच्या खिशातून जातो आणि कोणाच्या खिशात पडतो? नाणे ठेवा किंवा काढा, आधी या प्रश्नाचे उत्तर हवे.

कायद्यात चालते, बाजारात नाही

सध्या आपल्याकडे ५० पैसे, १, २, ५, १० आणि २० रुपये अशी सहा नाणी कायदेशीर चलनात आहेत. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून रद्द झाली. त्याआधी, २९ जूनला बँका बंद होईपर्यंत, ती बदलून घ्यायची मुदत होती. ज्यांना कळले त्यांनी बदलली. ज्यांच्या गावच्या घरी मडक्यात चार आणे पडून होते, त्यांची ती मोडीत निघाली.

पन्नास पैशांचे नाणे मात्र रद्द झालेले नाही. २०११ च्या नाणे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की पन्नास पैशांच्या नाण्यांनी १० रुपयांपर्यंतचे देणे देता येते आणि एक रुपया व त्यावरच्या नाण्यांनी १,००० रुपयांपर्यंतचे. म्हणजे हजार रुपयांच्या वर नाणी नाकारण्याचा अधिकार दुकानदाराला आहे. दहा-वीस रुपयांच्या भाजीला दिलेली नाणी नाकारण्याला कायद्याचा आधार नाही. ही मर्यादा आपसातल्या देण्याघेण्याला आहे. बँकेत नाणी जमा करायला कोणतीही मर्यादा नाही, असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले आहे. सर्व नाणी स्वीकारावीत अशा सूचना तिने बँकांना वारंवार दिल्या आहेत आणि नाणी नाकारणाऱ्या शाखेला दंडाची तरतूदही आहे.

मग नाणी अडतात कुठे? साखळी अशी आहे. बँक घेत नाही म्हणून होलसेलवाला घेत नाही. होलसेलवाला घेत नाही म्हणून किराणावाला घेत नाही. किराणावाला घेत नाही म्हणून भाजीवाल्या मावशींच्या हातात आलेले नाणे त्यांच्याकडेच राहते. साखळीच्या शेवटच्या टोकाला जो उभा असतो, त्याच्या गळ्यात बंद पडलेला पैसा येतो. आपल्या समाजाला साखळीच्या शेवटी उभे राहण्याची सवय आहे, म्हणून त्याचे नवलही वाटत नाही.

दहा रुपयांच्या नाण्याचे उदाहरण आठवा. नोटबंदीच्या सुमारास अफवा उठली की दहाचे अमुक नाणे खोटे आहे. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगावे लागले की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने खरे आहेत. तरी कितीतरी महिने ती नाणी लोकांनी घेतली नाहीत. अफवा पसरायला एक दिवस लागतो, ती पुसायला वर्षे लागतात. त्या वर्षांत नुकसान सोसतो तो हातावर पोट असलेला माणूस.

४ रुपये ४५ पैशांचा पुडा

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. बिस्किटे, शाम्पू, साबण, टूथपेस्ट अशा रोजच्या वस्तूंवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. घोषणा चांगली होती. आता गणित करून पाहू.

पाच रुपयांचा बिस्किटपुडा घ्या. त्यात १८ टक्के कर धरला तर मूळ किंमत साधारण ४ रुपये २४ पैसे. तिच्यावर ५ टक्के कर लावला की नवी किंमत ४ रुपये ४५ पैसे. दोन रुपयांची शाम्पूची पुडी याच हिशेबाने १ रुपया ७८ पैशांवर येते. काही कंपन्यांनी खरोखरच अशा तुटक किमती लावल्या. पुढे वजन वाढवून पुन्हा पाच आणि दहा रुपयांचा आकडा ठेवण्याचा मार्ग निघाला. पण मधल्या काळात काय घडले ते आपल्या दुकानांवर दिसले.

ज्याच्याकडे मोबाईल आहे, बँक खात्यात पैसे आहेत आणि नेट चालू आहे, तो ४ रुपये ४५ पैसे बरोबर देऊ शकतो. युपीआयला सुट्ट्यांची अडचण नाही. ज्याच्या हातात पाचचे नाणे आहे, त्याला ५५ पैसे परत द्यायला दुकानदाराकडे काही नाही. पाच पैशांचे नाणे २०११ ला गेले, पन्नास पैशांचे कुणी घेत नाही. म्हणजे एकाच गल्ल्यावर एकाच पुड्याचे दोन भाव झाले, मोबाईलवाल्याला ४ रुपये ४५ पैसे आणि नाणेवाल्याला ५ रुपये. सरकारने दिलेली करसवलत पोहोचवायला नाणेच नव्हते, म्हणून ती शेवटच्या माणसापर्यंत पोहोचली नाही.

कुणी म्हणेल, ५५ पैशांनी काय होते? ज्या घरात दोन मुलांसाठी रोज दोन पुडे लागतात, तिथे दिवसाला १ रुपया १० पैसे आणि वर्षाला ४०१ रुपये ५० पैसे होतात. हे फक्त बिस्किटांचे झाले.

यातला खरा मुद्दा खरेदीच्या संख्येचा आहे. पगारदार माणूस महिन्याचा किराणा एकदम भरतो. त्याचे बिल २,८४७ रुपये ३० पैसे झाले, तर सुट्ट्यांचा फटका त्याला महिन्यातून एकदा, तोही काही पैशांचा बसतो. रोजंदारीवर जगणारे घर महिन्याचा किराणा एकदम भरू शकत नाही. सकाळी पाच रुपयांची चहापत्ती, दुपारी दहाचे तेल, संध्याकाळी दोनची पुडी. दिवसातून पाच वेळा दुकानात जाणाऱ्याला फटका पाच वेळा बसतो. परतीच्या एक-दोन रुपयांऐवजी हातावर चॉकलेट ठेवले जाते. ते चॉकलेट दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात पैसे म्हणून देऊन बघा, घेतात का!

दुकानदाराला खलनायक ठरवून उपयोग नाही. वस्तीतला किराणावाला स्वतः थोड्या नफ्यावर जगतो आणि त्याच्या डब्यातली नाणीही अडकलेली आहेत. दोष व्यवस्थेचा आहे. तिने सुट्ट्या पैशांचा भार कोणी उचलायचा हे ठरवलेच नाही. जे ठरवले जात नाही, ते दुबळ्याच्या अंगावर पडते.

सरकारच आकडा ठरवते, सरकारच नाणे देत नाही

मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले. आपल्या वसई-विरारमध्ये मीटर कुठे चालतो हा वेगळा विषय, पण आकडा बघा. २६ रुपये घ्यायचे तर ३० मधले ४ परत द्यायला हवेत. बेस्टच्या वातानुकूलित बसचे किमान भाडे मे २०२५ पासून १२ रुपये आहे. एसटीने २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ केली, तेव्हा भाडे पाचच्या पटीत राहिले नाही आणि वाहक-प्रवाशांत सुट्ट्यांवरून वाद सुरू झाले. म्हणजे शासनाचा एक हात असे दर ठरवतो ज्यांना एक-दोन रुपयांची नाणी लागतातच, आणि तीच नाणी सुरळीत फिरावीत याची जबाबदारी दुसरा हात घेत नाही.

याची उलटी बाजू शेअर रिक्षात दिसते. नालासोपारा आणि विरारमध्ये हजारो लोक स्टेशनपासून घरापर्यंत शेअर रिक्षाने जातात. तिथे भाडे वाढते तेव्हा १० चे ११ होत नाहीत, थेट १५ होतात. कारण विचारले तर उत्तर एकच, "सुट्टे कुठून आणू?" १० चे १५ म्हणजे एकदम ५० टक्के वाढ. बाजारात प्रत्यक्ष चालणारे सर्वात लहान नाणे जेवढे मोठे, तेवढी भाववाढीची पायरी उंच. एक आणि दोन रुपयांची नाणी व्यवहारातून गेली की सगळ्या छोट्या किमती पाचच्या पायरीने चढतील. पगार मात्र त्या पायरीने चढत नाही.

बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

इथे बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाची आठवण होणे स्वाभाविक आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी.एस्सी. पदवीसाठी लिहिलेला हा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने आला. जयंतीच्या भाषणांत आपण म्हणतो की या पुस्तकातून रिझर्व्ह बँक जन्मली. नेमके बोलायचे तर भारतीय चलनावरच्या हिल्टन यंग आयोगापुढे १९२५ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी साक्ष दिली, त्या आयोगाने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. नेमके सांगितल्याने बाबासाहेबांचे मोठेपण कमी होत नाही. उलट त्यांनी त्या ग्रंथात प्रत्यक्षात काय म्हटले, तिकडे आपले लक्ष जाते.

त्या काळी वाद होता रुपयाच्या विनिमय दराचा. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, व्यापार भरभराटतो, म्हणून देशाचा फायदा होतो, असे अनेकांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी त्या फायद्याची उलटतपासणी केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की हा फायदा बाहेरून येत नाही. किमती वाढतात, मजुरी तेवढी वाढत नाही, आणि मधला फरक व्यापारी वर्गाच्या पदरात पडतो. म्हणजे देशातल्या एका वर्गाचा लाभ दुसऱ्या वर्गाच्या खिशातून येतो. रुपयाची किंमत परदेशी चलनात किती, यापेक्षा त्या रुपयात सामान्य माणसाच्या घरात किती माल येतो, हे त्यांना महत्त्वाचे वाटत होते.

शंभर वर्षांनी प्रश्न छोट्या नाण्यांचा आहे, पण विचारण्याची रीत तीच ठेवायला हवी. नाणे बंद केल्याने "देशाचा खर्च वाचतो" असे कुणी म्हणाले, तर विचारायचे की तो खर्च वाचून कोणाकडे गेला?

बंद करा म्हणणाऱ्यांचे म्हणणे

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. चर्चगेटला उतरून फोर्टमध्ये गेलात तर रिझर्व्ह बँकेसमोरच मुंबईची टाकसाळ दिसते. २०१८ मध्ये माहिती अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार एक रुपयाचे नाणे पाडायला सुमारे १ रुपया ११ पैसे आणि दोन रुपयांचे पाडायला सुमारे १ रुपया २८ पैसे लागत होते. रुपयाच्या नाण्यात सरकारला सरळ तोटा आहे. बाबासाहेबांच्या काळी चांदीचा रुपया पाडण्यात सरकारला नफा होता आणि त्या मोहाने ते वाटेल तेवढे रुपये काढेल ही त्यांची काळजी होती. आज चित्र उलटे आहे.

पण नाण्याच्या खर्चाची तुलना त्यावरच्या आकड्याशी करणे हा अर्धाच हिशेब आहे. नाणे एकदा वापरून फेकायची वस्तू नाही. ते वीस-तीस वर्षे टिकते आणि हजारो हातांतून जाते. एसटीची बस एका फेरीच्या तिकिटात वसूल होते का, असे कुणी विचारत नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. नाणी फिरत नाहीत, ती बरण्यांत, देव्हाऱ्यांत, दानपेट्यांत जाऊन बसतात. मग टाकसाळीने नवी पाडत राहायची आणि ती पुन्हा डब्यात जायची, याला अर्थ नाही. हे म्हणणे खरे आहे. पण नाणी का फिरत नाहीत? परतीची वाट बंद आहे म्हणून. बँकेची खिडकी उघडी असती तर आमची पिशवी कपाटात राहिली नसती.

तिसरा मुद्दा मोबाईलचा. ऑगस्ट २०२५ मध्ये युपीआयचे व्यवहार एका महिन्यात दोन हजार कोटींच्या पुढे गेले. ही मोठी सोय आहे. आमच्या बचत गटातल्या तरुण मुली भाजीचे दहा रुपयेही मोबाईलने देतात. पण वस्तीत फिरले की उरलेले लोक दिसतात. नाक्यावर रोजची मजुरी रोख घेणारा माणूस. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो, त्या घरची बाई. दुकानात पाठवलेले आठ वर्षांचे पोर. साध्या फोनवर नातवाच्या मदतीने नंबर लावणारी आजी. वाडा-विक्रमगडकडून विरारला रानभाजी विकायला येणाऱ्या आदिवासी बाया. काही दुकानांत तर "२० रुपयांखाली ऑनलाइन नाही" असे सांगतात. म्हणजे छोट्या खरेदीला मोबाईल चालत नाही आणि नाणेही चालत नाही. अशा वेळी माणूस काय करतो? गरज नसताना वीस रुपयांचे सामान घेतो, नाहीतर उधारी लिहितो.

दृष्टिहीन बांधवांचीही अडचण आहे. पन्नास पैसे, एक आणि दोन रुपयांच्या वेगवेगळ्या मालिकांतली नाणी आकाराने इतकी जवळजवळ आहेत की डोळसांचीही गफलत होते. २०१९ मध्ये जाहीर झालेली नवी मालिका दृष्टिहीनांना ओळखता यावी अशी केली, पण जुनी नाणीही सोबत फिरतच आहेत.

बाहेरच्या देशांनी काय केले

छोटे नाणे बंद करणारे आपण पहिले नाही. कॅनडाने ४ फेब्रुवारी २०१३ पासून एक सेंटच्या नाण्याचे वाटप थांबवले. थांबवताना पूर्णांकाचा नियम जाहीर केला. रोखीचे बिल जवळच्या पाच सेंटला आणायचे, एक-दोन सेंट असतील तर खाली, तीन-चार असतील तर वर. कार्डाने दिले तर सेंटपर्यंत बरोबर रक्कम. आणि हा नियम प्रत्येक वस्तूला न लावता शेवटच्या बिलाला लावायचा. त्यामुळे कधी गिऱ्हाइकाचे दोन सेंट जातात, कधी दुकानदाराचे.

अमेरिकेत उलटे झाले. एक सेंटचे नाणे पाडायला साडेतीन सेंटहून जास्त खर्च येतो म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ते थांबवायला सांगितले आणि १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठीचे शेवटचे सेंट पाडले गेले. बिल कसे पूर्ण करायचे याचा देशभर लागू होणारा कायदा मात्र आधी केला नाही. दुकानांनी आपापले नियम लावले, गोंधळ झाला.

बिलाच्या नियमाने किती फरक पडतो ते आपल्याच उदाहरणावर पाहू. ४ रुपये ४५ पैशांचे तीन पुडे घेतले तर बिल १३ रुपये ३५ पैसे. शेवटचे बिल जवळच्या रुपयाला आणले तर १३ रुपये. प्रत्येक पुडा वर ढकलून पाच केला तर १५ रुपये. तीन पुड्यांत दोन रुपयांचा फरक. आपल्याकडे जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्ये कराची रक्कम जवळच्या रुपयाला आणायची तरतूद आहे, पन्नास पैशांखालचे सोडायचे, पन्नास आणि वरचे रुपया धरायचे. सरकार स्वतःच्या देण्याघेण्याला जो न्याय लावते, तोच गल्ल्यावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला लागू करायला काय हरकत आहे?

मागणी काय असावी

माझे मत स्पष्ट सांगते. पन्नास पैशांचे नाणे वाचवण्यासाठी आंदोलन करावे असे मला वाटत नाही. त्याचा काळ सरला आहे. पण कायद्यात जिवंत आणि बाजारात मेलेले अशा अवस्थेत ते लटकत ठेवणे हा अन्याय आहे. बंद करायचे तर उघडपणे जाहीर करा, किमान एक वर्षाची मुदत द्या आणि प्रत्येक शाखेत कितीही नाणी बदलून द्या. २०११ सारखी मडक्यातली नाणी पुन्हा मोडीत निघू नयेत.

एक आणि दोन रुपयांची नाणी मात्र राहिली पाहिजेत. चलनातल्या नाण्यांची संख्या पाहिली तर १, २ आणि ५ रुपयांची मिळून सुमारे चार पंचमांश भरतात. ही गरिबाच्या व्यवहाराची विटांची भिंत आहे. ती काढायची तर आधी तीन गोष्टी हव्यात. पहिली, रोखीचे शेवटचे बिल जवळच्या रुपयाला आणण्याचा नियम, दुकानावर मराठीत लावलेला. दुसरी, सुट्ट्यांऐवजी चॉकलेट देण्यावर बंदी. तिसरी, नाणी परत घेणारी बँक. नाणी वाटण्यासाठी बँकांना दर पिशवीमागे मिळणारी रक्कम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२१ पासून २५ वरून ६५ रुपये केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्यूआर कोडवर नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग १२ शहरांत जाहीर केला. म्हणजे नाणी बाहेर काढायला पैसा आहे, यंत्र आहे. तेवढीच व्यवस्था नाणी परत घ्यायलाही करा. नालासोपारा आणि विरार स्टेशनबाहेर नाणी मोजून खात्यात जमा करणारे एक-एक यंत्र बसवले तर किती भाजीवाल्या मावशींचे डबे रिकामे होतील!

आपण काय करू शकतो

तरुण कार्यकर्त्यांना चार कामे सुचवते. विहाराची आणि बचत गटाची नाणी शंभर-शंभरच्या पिशव्यांत मोजून बँकेत न्या. सोबत दोघे-तिघे जा, एकट्या ताईंना पाठवू नका. शाखेने नाकारले तर भांडू नका, शाखाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तक्रार ऑनलाइन करता येते, त्यासाठी वकील लागत नाही आणि फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. चौथे काम सर्वात सोपे. भाजीवाल्या मावशींनी, रिक्षावाल्या दादांनी दिलेली एक-दोनची नाणी आपण स्वतः घ्या आणि पुढे वापरा. साखळीच्या शेवटच्या टोकाला आपणच पुन्हा नाणे नाकारले, तर बँकेला काय सांगणार?

आमच्या मंडळाने अर्ज लिहिला आहे. पिशवीतल्या प्रत्येक नाण्याची संख्या त्यात नोंदवली आहे. पोच मिळाली की पुढचे पाऊल ठरवू.

शेवटी एक आठवण. आपल्याच सोपाऱ्याच्या स्तूपाचे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे, सोन्याची फुले आणि बुद्धमूर्ती मिळाल्या. त्यांच्यासोबत एक चांदीचे नाणेही होते, गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीचे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातल्या उषवदाताच्या शिलालेखांत शूर्पारकाचे, म्हणजे याच सोपाऱ्याचे नाव आहे. भिक्खूंच्या चीवरासाठी विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या २,००० कार्षापणांवर शेकडा एक आणि आणखी १,००० वर शेकडा पाऊण, असे व्याज त्यांत दगडावर कोरले आहे. पाऊण हा शब्दसुद्धा आपल्या ओळखीचाच आहे.

पाऊण टक्क्याचा हिशेब दगडावर कोरून ठेवणारी ही भूमी आहे. त्याच सोपाऱ्यात आज ५५ पैशांचा हिशेब कोणी द्यायचा, हे ठरत नाही. विहाराच्या कपाटातली पिशवी परत चलनात जाईपर्यंत आम्ही तो मागत राहणार आहोत.

जय भीम, नमो बुद्धाय!

(लेखिका वसई-विरार परिसरात बचत गट आणि घरकामगार महिलांसोबत काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्या असून समाजशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधर आहेत.)